ताऱ्यावरून दिसलेली राणी

१

विलोमिअर पार्कची राणी हरवली ती बुधवारी, भर दुपारी, दोनशे माणसांनी तिला हात केल्यावर पाच मिनिटांत.

राणी म्हणजे तीन फुटांची बाहुली. पण हे पार्कात काम करणाऱ्यांनाच ठाऊक होतं. पाहुण्यांना ती पुऱ्या उंचीची बाई वाटायची, कारण तिचा किल्लाच तसा बांधलेला. खाली हातभर लांबीच्या विटा, वर जाता जाता त्या बोटभर होत गेलेल्या. खिडक्या मजल्यागणिक आक्रसलेल्या. रंगसुद्धा वर वर फिकट, निळसर, जणू मध्ये कोसभर धुकं आहे. साठ फुटांचा मनोरा दोनशे फुटांचा दिसे. चौकातल्या फरशीत एक पितळी तारा बसवला होता. त्यावर उभं राहिलं की सगळं जुळून यायचं आणि दहा पावलं बाजूला सरकलं की किल्ला एकदम खेळण्यातला वाटू लागायचा. म्हणून रोज बाराच्या सुमारास पाहुण्यांना दोऱ्या लावून ताऱ्यामागे तिघातिघांच्या रांगेत उभं करत. बाराचे ठोके पडले की राणी सज्जात हात हलवायची. कामगारही हातातलं काम टाकून रांगेत येत आणि तिला उलट हात करत. पार्क उघडल्यापासून अकरा वर्षं हीच रीत होती.

लुएला टिबेट्स हरवलं-सापडलं खात्याची बाई. त्या दिवशी ती रांगेत गेली नव्हती. एका आजोबांची कवळी सापडली होती आणि ती त्यांचीच आहे हे त्यांना पटत नव्हतं.

साडेबाराला व्यवस्थापक फेनिमोर तिच्या खिडकीशी आले. चेहरा लालबुंद झाला होता.

"मिसेस टिबेट्स, हरवलेल्या वस्तू शोधणं तुमचं काम ना?"

"लोक आणून देतात, मी फक्त जपून ठेवते. काय हरवलं?"

"राणी," फेनिमोर म्हणाले. "आणि नेली कुणी तेही मला माहीत आहे. एमेट हॅस्कलने."

लुएलाच्या हातातली कवळी टेबलावर पडली.

२

एमेट हॅस्कल मनोऱ्यातल्या यंत्राचा कारागीर. राणीचा हात हलवणारी चक्रं त्यानेच बसवलेली. उद्या त्याचा शेवटचा दिवस होता. विलोमिअरमध्ये जुना माणूस निवृत्त झाला की मुख्य रस्त्यावरच्या वरच्या मजल्याच्या एका खिडकीवर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव रंगवत. पगार इथला बेताचाच, पण त्या खिडकीसाठी माणसं दहा-दहा वर्षं टिकायची म्हणायला हरकत नाही. एमेटची खिडकी उद्या सकाळी दहाला रंगवायची होती.

"दहाच्या आत राणी आली नाही, तर खिडकी विसर म्हणावं त्याला," फेनिमोर म्हणाले. "चोराचं नाव मी माझ्या रस्त्यावर लावणार नाही. पोलिसांना बोलावलं तर पेपरात येईल, म्हणून तुम्हाला सांगतोय."

एमेट मनोऱ्याच्या पायथ्याशी बसला होता. शेजारी त्याची अवजारांची लांबलचक थैली होती. हात एकसारखा पँटच्या खिशात जाऊन चाचपत होता.

"काय रे बाबा, काय करून ठेवलंस?" लुएला त्याच्याशेजारी टेकली.

"मी काही केलं नाही, लुएला. बाराला तीन कमी असताना जिना चढायला लागलो. माझे गुडघे तुला माहीत आहेत, ऐंशी पायऱ्यांना सात मिनिटं लागतात. अर्ध्यात होतो तेव्हा ठोके पडले. वर गेलो तर चक्रं फिरून थांबली होती आणि ती उभी असते तो पाट रिकामा होता. दचकून ओरडलो, ते खाली चौकात ऐकू गेलं."

"जिन्यात कोणी भेटलं?"

"तो जिना एवढा अरुंद आहे की मांजर भेटलं तरी एकाला मागे सरावं लागेल. कोणी नाही भेटलं."

"दुसरी वाट?"

"नाही."

"अरे पण दोनशे लोकांनी ठोके पडताना तिला पाहिलं. फेनिमोरने पाहिलं. त्यानंतर तीन-चार मिनिटांत तू वर पोचलास. मग ती काय उडून गेली?"

"तेच सगळे विचारतायत," एमेट म्हणाला. "मला एवढंच माहीत आहे की मी गेलो तेव्हा ती नव्हती."

"आणि तेल घालायचा वार तुझा शुक्रवार. आज बुधवारी कशाला कडमडलास तिथे?"

एमेटने मान खाली घातली. "उद्या गर्दी असेल. तिचा निरोप घ्यायला गेलो होतो. हस आता."

लुएला हसली नाही. तिला त्याची फार दया आली, आणि दयेपेक्षाही भीती वाटली. कारण त्याचं म्हणणं खरं मानलं, तर बाकी दोनशे जण खोटे ठरत होते.

मनोऱ्याच्या दाराला किल्ल्या दोनच होत्या. एक एमेटची. दुसरी कॉन्चा बॅरागानची, जी दर सोमवारी राणीचा पोशाख बदलायची. ठोके संपल्यापासून राणी नाही म्हणून बोंब होईपर्यंत कॉन्चा खाणावळीत तीस नाचणाऱ्या मुलींच्या पोशाखांत टाचण्या खोचत होती. तीस साक्षीदार होते. एमेटला एकही नव्हता.

३

लुएलाने चौकशी सुरू केली, म्हणजे लोकांशी गप्पा मारायला लागली. तिला दुसरी पद्धत येत नव्हती.

पहिला माळी मोरिता. वरची झाडं बुटकी ठेवायचं काम त्याचं. मनोऱ्याच्या गच्चीवरचा देवदार तीस वर्षांचा होता आणि उंची गुडघ्याएवढी. तो कात्री पुसत बसला होता आणि चिडलेला होता.

"राणी गेली ते राहिलं बाजूला, साहेब मलाच ओरडले. का, तर राणीजवळ कबूतर बसलं."

"कबुतराचं काय एवढं?"

"अहो, कबूतर म्हणजे सगळ्या खेळाचा शत्रू. माणूस फसतो, पण कबूतर सगळीकडे कबुतराएवढंच. ते राणीशेजारी बसलं की तिची खरी उंची उघडी पडते. म्हणून मी त्यांना हाकलत असतो. एरवी चुकून बसलंच तर तिच्या गुडघ्याच्या जरा वर येतं. आज बसलं ते थेट कमरेच्या वर. लोक हसायला लागले, बदक बसलंय म्हणून."

"मोठं असेल."

"एवढं मोठं कबूतर असतं तर मी ते घरी नेलं असतं, टिबेट्सबाई." मोरिताने कात्री मिटली. "आणि बसलं कुठे तर सज्जाच्या पार उजव्या टोकाला. राणी आज तिथेच उभी होती ना."

"राणी तर मध्ये असते."

"आज उजवीकडे होती. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

लुएलाने जाऊन फेनिमोरना विचारलं. ते उखडलेच.

"उजवीकडे? भलतंच काय. राणी डाव्या टोकाला होती. तेव्हाच मनात आलं, हॅस्कलने पाट नीट बसवलेला नाही."

"तुम्ही रांगेत कुठे होतात?"

"मी नेहमी उजव्या दोरीशी असतो. त्याचा इथे काय संबंध?"

मोरिता डाव्या दोरीशी उभा असतो हे लुएलाला माहीत होतं. ती चौकात आली. संत्र्यांच्या बागांवरून मोहराचा वास येत होता, चारचं ऊन किल्ल्यावर तिरपं पडलं होतं आणि सगळा चौक अर्धवट झोपेतला वाटत होता. ती ताऱ्यावर जाऊन उभी राहिली. किल्ला आभाळाला भिडला. तिने एक डोळा मिटला, अंगठा पुढे धरला आणि डोकं जरा डावीकडे, जरा उजवीकडे हलवलं. अंगठा सज्जाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला. सज्जा जागचा हलला नाही.

तिने अंगठा खाली घेतला आणि ती आपल्या खात्याकडे वळली.

४

ती खात्यात परतली तर खिडकीशी एक बाई उभी होती. ओहायोहून आलेली, पायाला बँडेज, डोक्यावर गवती हॅट.

"माझी चित्रांची वही राहिली हो इथे कुठेतरी. मी व्हर्ना लुडविग. शाळेत चित्रकला शिकवायचे."

वही सकाळपासून तिसऱ्या फळीवर होती, असं लुएलाला आधी वाटलं. चिठ्ठी वाचल्यावर कळलं, दुपारी सव्वाबाराला झाडूवाल्याने आणून दिली होती. उजवीकडच्या बाकाखाली सापडलेली.

"बाराला तुम्ही बाकावर होतात? रांगेत नाही गेलात?"

"एका पोराने दोरीकडे पिटाळलं होतं. म्हटलं, बाळा, माझा पाय बघ, मी इथूनच बघते. आणि बरंच झालं. तुमची खरी गंमत इथूनच दिसते."

"कसली गंमत?"

"हवेत उभी राहिलेली राणी."

लुएलाने वही उघडायची परवानगी मागितली. शेवटचं पान. जलरंगांतला किल्ला, बाजूने पाहिलेला, बुटका आणि बिचारा. सज्जा रिकामा. आणि मनोऱ्यापासून बरंच डावीकडे, किल्ल्यापुढच्या वेशीच्या इमारतीजवळच्या झाडाच्या हिरव्या पानांपुढे, फिकट जांभळ्या झग्यातली राणी एक हात वर करून अधांतरी उभी होती. शेजारी कबूतर. दोघांच्या पायांखालून एक करडी रेघ निघून वेशीच्या सर्वांत वरच्या खिडकीत शिरत होती.

"ही रेघ?"

"काठी होती बारीक. झेंड्याची असावी असं मला वाटलं. मी दिसतं तसं काढते. मुलांनाही हेच सांगायचे, माहीत आहे ते काढू नका, दिसतंय ते काढा."

"आणि झगा? हलत होता का?"

"वाऱ्यावर छान फडफडत होता."

खऱ्या राणीचा झगा उन्हापावसासाठी रोगण देऊन कडक केलेला होता. वादळातसुद्धा त्याची चुणी हलत नसे.

वेस होती ताऱ्याच्या आणि मनोऱ्याच्या मध्यावर, आणि तिच्या वरच्या मजल्यावर शिवणकामाची खोली होती. बाहेरून दिसायला उंच मजला, आत छत पाच फुटांवर. त्या खोलीत ताठ उभं राहू शकणारं माणूस विलोमिअरमध्ये एकच होतं. लुएलाने वही मिटली. तिला रडू यायला लागलं होतं, कारण ते माणूस तिची मैत्रीण होतं.

५

कॉन्चा मशीनवर बसली होती. मशीन चालत नव्हतं.

"ये गं," ती म्हणाली. "डोकं सांभाळ."

लुएला वाकून आत गेली आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसली.

"कॉन्चा, मी बोलते. चुकलं तर सांग."

"बोल."

"बाराला लोकांनी पाहिली ती राणीच नव्हती. निम्म्या उंचीची दुसरी बाहुली होती, निम्म्या अंतरावर. ताऱ्यावरून दोन्ही सारख्याच दिसतात. तू ती या खिडकीतून काठीवर बाहेर धरलीस आणि दोऱ्याने तिचा हात हलवलास. काठीला मनोऱ्याचाच करडा रंग दिलास, म्हणून रांगेतल्यांना दिसली नाही. मागे पानं होती तिथे मात्र दिसली. डावीकडच्यांना राणी उजवीकडे दिसली, उजवीकडच्यांना डावीकडे. जवळची वस्तूच अशी सरकते. कबूतर तुझ्या काठीवर बसलं आणि कमरेच्या वर आलं. मग ठोके संपताच तू मागच्या जिन्याने खाणावळीत गेलीस."

कॉन्चाने मशीनवरचा धागा बोटाला गुंडाळला.

"खरी राणी सकाळीच गेली होती. साडेअकराला पोशाखांची गाडी धुलाईला जाते, त्यातून. बारानंतरचा तुझा हिशेब चोख होता, बाराआधीचा कोणी विचारलाच नाही. आम्ही सगळे अकरा वर्षं त्याच ताऱ्यावरून बघतोय. बाजूला सरकून बघायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही."

"माझ्याही नाही आलं," कॉन्चा म्हणाली. "बाकावर कोणी बसलं असेल असं मनातसुद्धा आलं नाही." तिने मशीनवरचा धागा ओढून तोडला. "सोमवारी प्लास्टिकची राणी येणार आहे, विजेवरची. जुनीला भट्टीत टाका म्हणाले साहेब. माझ्यासमोर म्हणाले, चहा पीत पीत. अकरा वर्षं दर सोमवारी तिला नवं नेसवलंय मी. माझं स्वतःचं मूल नाही, तुला माहीत आहे. धुलाईत माझी बहीण आहे, तिच्या ताब्यात दिली."

"आणि एमेट?"

"तो फक्त शुक्रवारी वर जातो, लुएला. आणि या शुक्रवारी तो नसणारच होता. मला वाटलं, सोमवारपर्यंत रोज बाराला ही काठी धरायची, म्हणजे कळेल तेव्हा चार दिवस उलटलेले असतील, कुणावरच नाव येणार नाही." तिचा आवाज फाटला. "आज कशाला गेला तो मेला?"

लुएलाने सांगितलं कशाला ते. कॉन्चाने हातातल्या अस्तराच्या तुकड्याने डोळे पुसले.

"मी बोलले तर ती भट्टीत जाईल."

"नाही बोललीस तर एमेटची खिडकी जाईल."

जिन्यावर पावलं वाजली, एकेक पायरी थांबत थांबत. एमेट दारात आला. छताखाली त्याला जवळजवळ निम्मं वाकावं लागलं. त्याने खिशातून काहीतरी काढून मशीनवर ठेवलं.

ते शिवताना बोटात घालायचं पितळी टोपण होतं.

"पाटाशेजारी पडलं होतं," तो म्हणाला. "दुपारपासून परत द्यायचं राहून गेलं."

६

"म्हणजे तुला बारा वाजून पाच मिनिटांनीच कळलं होतं," लुएला म्हणाली. "आणि दिवसभर शिव्या खात गप्प बसलास?"

"कसं केलं ते नव्हतं कळलं. कुणी केलं ते कळलं. का केलं तेही." एमेट कॉन्चाकडे बघत होता. "स्क्रू सगळे काढून क्रमाने मांडून ठेवले होतेस. एकही घासला नव्हता. चोर असं करत नाही. राहू दे खिडकी. एवढ्या वर कोण वाचायला जातंय."

"तू गप्प बस," कॉन्चा म्हणाली. "अकरा वर्षं तुझ्या तोंडून त्या खिडकीशिवाय दुसरं काही ऐकलं नाही मी."

"बरं."

"बरं काय? मोठा आला उपकार करणारा." आणि ती ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. एमेट वाकलेलाच तिच्याजवळ उभा राहिला. लुएला उठून खाली आली, कारण आता तिथे तिचं काही काम नव्हतं.

सकाळी दहाला मुख्य रस्त्यावर सगळे कामगार जमले. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. पाट्या रंगवणारा ओटिस शिडीवर चढून वरच्या खिडकीशी सोन्याची डबी घेऊन बसला होता. रस्ता चौकाला मिळतो तिथे, ताऱ्यावर फेनिमोर उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ओटिसला खाली उतरायची खूण केली.

तेवढ्यात वेशीतून कॉन्चा आली. कडेवर राणी होती.

कॉन्चा आणि एमेट सोडून इतक्या जवळून तिला कोणीच पाहिलं नव्हतं. दुरून दिसावेत म्हणून डोळे बशीएवढे रंगवलेले, ओठ जाड, गालांवर लाल गोळे. कुरूपच म्हणायची. कॉन्चाच्या खांद्यावर डोकं टेकून ती दमून झोपायला आलेल्या पोरीएवढी दिसत होती. पुढची माणसं वाट द्यायला बाजूला झाली.

"मी नेली होती," कॉन्चा फेनिमोरना म्हणाली. "एमेटचा काही संबंध नाही. कशी नेली ते टिबेट्सबाई सांगतील, मला सांगायचा कंटाळा आलाय."

फेनिमोरनी तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. ते होणार हे तिला माहीत होतं. मग ते बाहुलीकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ते भट्टीकडे न्या."

कोणी हललं नाही. मोरिता कात्रीकडे बघत राहिला. नाचणाऱ्या मुली एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. फेनिमोरनी दुसऱ्यांदा सांगितलं, तरी कोणी हललं नाही.

"भंगारच ना?" शेवटी एमेट म्हणाला. "माझ्या गाडीत जागा आहे. मी आजपासून इथला नोकर नाही, जाता जाता टाकून देईन कुठेतरी."

तो कुठेही टाकणार नाही हे फेनिमोरनाही कळत होतं. पण सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर होते. "न्या," ते म्हणाले. "आणि ओटिस, लिही हॅस्कलचं नाव. आटपा."

ओटिसने शिडीवरून खाली पाहिलं. एमेट शिडीपाशी गेला आणि हळू आवाजात दोन वाक्यं बोलला. ओटिसने मान हलवली. मग तो बराच वेळ लिहीत होता, एका नावाला लागावा त्याच्या दुप्पट वेळ.

वरच्या मजल्यावर अक्षरंही प्रमाणात, बोटाच्या पेराएवढी असतात. चौकातून सोन्याचा एक डाग तेवढा चमकतो. फेनिमोरनी ताऱ्यावरूनच तो पाहिला, समाधानाने मान डोलावली, टाळ्या वाजवल्या आणि आपल्या कचेरीत निघून गेले.

लुएला मात्र रस्ता ओलांडून थेट खिडकीखाली गेली. कॉन्चाला दंडाला धरून तिने शेजारी उभं केलं.

"चष्मा लाव," ती म्हणाली, "आणि वाच."

कॉन्चाने राणीला दुसऱ्या कडेवर घेतलं, चष्मा लावला आणि मान वर केली. वर दोन ओळी होत्या. तिने त्या एकदा वाचल्या, मग ओठ हलवत पुन्हा वाचल्या.

"माझं नाव बरोबर लिहिलंय," ती म्हणाली.